कूस बदलल्याची नोंद

९ ऑगस्ट २०१६

चौसष्टावं पान उलटलं आणि त्यावर मी होते.

लाल शाईत, गोल, 'नोत्सु', आमचं आडनाव. १९ मे, सकाळी दहा. 'पाठ व माकडहाड तपासले. त्वचा ठीक. कूस डावीकडे बदलली.' आणि खाली सहीच्या जागी माझा शिक्का.

योरिए, मी आईच्या खोलीत जमिनीवर बसले आहे. तू चालवतेस त्या वृद्धांच्या सुइसेन सदनातून आलेल्या आईच्या नोंदींच्या प्रती समोर मांडल्या आहेत, एकशे बारा पानं. कमरेला पट्टा असल्यामुळे वाकता येत नाही, म्हणून पानं काठीने पुढे सरकवते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बाई पत्ते खेळते आहे.

१९ मेला सकाळी दहा वाजता मी कुठे होते ते तुला ठाऊक आहे. साठ किलोमीटर लांब, ऑपरेशनच्या टेबलावर, पालथी. नऊ चाळीसला भूल दिली, एक वाजून पाच मिनिटांनी उठवलं. तशी नोंद त्या इस्पितळात आहे, आणि नोंदीखाली ज्याने भूल दिली त्याचीच सही आहे. म्हणजे पाठीचे दोन मणके उघडे असताना मी इथे येऊन आईची कूस बदलून गेले. इतकी चांगली नर्स मी कधीच नव्हते.

१५ एप्रिलला मी सदनातल्या नोकरीतून रजेवर गेले. तेव्हापासून ३० जूनपर्यंत आईच्या पानांवर माझे एकशे एकतीस शिक्के आहेत. सगळे एकाच कोनात कललेले. मी शिक्का मारते तेव्हा तो कधी सरळ बसतो, कधी उलटा, घाईत असते. एकशे एकतीस वेळा सारखा कललेला शिक्का म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून, चहा बाजूला ठेवून, सगळे एकदम मारले.

तो दुकानातला तयार शिक्का नाही, हेही तुला ठाऊक आहे. नर्सिंगची शाळा संपली तेव्हा आईने बंदराजवळच्या म्हाताऱ्याकडून कोरून घेतला होता. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या टोकाचा टवका पहिल्याच महिन्यात उडाला. तू तेव्हा वसतिगृहात माझ्या शेजारच्या गादीवर बसली होतीस. म्हणालीस, "तुझ्या आईने शिक्का दिला, माझ्या आईने छत्री. तीही मोडकी." प्रत्येक पानावर तो टवका दिसतो आहे.

रजेवर जायच्या घाईत शिक्का टेबलाच्या खणात विसरला. एवढंच माझं चुकलं.

तो परत दे. टपालाने नको.

हिसानो

१४ ऑगस्ट

तुझा पांढरा कंदील परत पाठवला आहे. पोचला असेल.

आईचं हे पहिलं ओबोन, गेलेल्या माणसांनी घरी यायचे दिवस. शेजारपाजारच्यांनी कंदील लावले, मीही लावला, बाजारातून आणून. तुझ्या कंदिलाच्या उजेडात आई घरी आली असती, तर तिने आधी पाठ फिरवून दाखवली असती.

कंदिलाबरोबर तू चार ओळी लिहिल्यास. 'एक्याण्णव वर्षांचं वय होतं. शेवटी शेवटी शरीर साथ देत नाही. तू स्वतः नर्स आहेस, तुला मी काय सांगू.'

मग मीच सांगते.

२ जुलैला मी पट्टा बांधून, काठी टेकत सदनात आले. अडीच महिन्यांनी आईला बघणार होते. नऊ नंबरच्या खोलीचं दार उघडायच्या आधी वास आला. हा वास तुला आणि मला दोघींना अठराव्या वर्षापासून ओळखीचा आहे. मी आत गेले. आई उताणी होती. मी हाक मारली, तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आलीस? दमली असशील. बस." पक्षाघातानंतर तिला एवढंच बोलता येत होतं, दोन-दोन शब्द. मला वाकायचं नव्हतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. मी वाकले. पांघरूण काढलं, तिला कुशीवर घेतलं. माकडहाडावर माझी मूठ बसेल एवढी जखम होती. तळाशी हाड दिसत होतं.

त्या दिवशीच्या सकाळच्या नोंदीत लिहिलं आहे, 'किंचित लाली.'

आईने चाळीस वर्षं बंदरावर माकूळ वाळवले. दोरीवर, जाळीवर, ऊन असेल तसे. दर दोन तासांनी उलटायचे. एकदा शेजारीण गप्पा मारत बसली आणि आईच्या रांगा तशाच राहिल्या. संध्याकाळी आईने सगळी जाळी समुद्रात रिकामी केली. मी लहान होते, रडले. म्हणाले, थोडेच तर चिकटलेत. आई म्हणाली, "खालून बघ." माकळासाठी दोन तास पाळणारी बाई ती. तिला तुम्ही रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत उताणी ठेवलीत.

आणि मी कुठे होते? मी इस्पितळात होते. त्या वॉर्डात सात रोग्यांमागे एक नर्स. घंटेला बोट लावायच्या आधी दारात कुणीतरी उभं. दर दोन तासांनी दोघीजणी येत आणि मला लाकडासारखी सरळ धरून कुशीवर करत. मी त्यांना म्हणायचे, "अगं, मला लागत नाहीये, जा, दुसऱ्यांकडे बघा." त्यातली एक म्हणाली, "बाई, तुम्हाला लागायच्या आधीच यायचं असतं."

सुइसेन सदनात माणसं साठ. नियमाने नर्स तीन. कागदावर तीन. खरी एक, मोरिवाकि, वय चौसष्ट, एक गुडघा कामातून गेलेला. तिला मी दोष देत नाही. ती साठ जणांच्या गोळ्या वाटून होईपर्यंत जेवणाची वेळ होते. मग कोण येणार पाठ बघायला? सांभाळणाऱ्या बायका दारातून ओरडतात, "थोडं थांबा हं, आजी, आलेच!" आणि पुढे जातात. मीही ओरडायचे. दिवसातून चाळीस वेळा.

मग मी आईला इस्पितळात हलवलं. तिथे, १९ जुलैला, नर्स आईची कूस बदलायला आली. आईने तिला हाताने थांबवलं. म्हणाली, "सावकाश ये. मी थांबते." ती पोर रडत बाहेर गेली. दोन दिवसांनी आई गेली.

तिला थांबायला तुम्ही शिकवलंत.

हिसानो

२२ ऑगस्ट

पाच पानं. शाळेत तू कधी एका पानाच्या वर लिहिलं नाहीस.

पहिल्याच ओळीत म्हणतेस, 'शिक्का तू विसरली नव्हतीस, हिसानो. तू माझ्या हातात दिलास.'

हो. दिला.

१४ एप्रिल, दुपार, चहाची खोली. तू दार लावून घेतलंस.

"दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," तू म्हणालीस. "तू रजेवर गेलीस असं दाखवलं तर नर्सा कमी पडतात. प्रांताची कचेरी नवीन वृद्ध ठेवून घेऊ देणार नाही, आणि पैसे कापतील ते वेगळेच."

"आणि आई?"

"आईचं मी बघते. ती माझीही आईच. वसतिगृहात तिने पाठवलेलं माकूळ कुणी खाल्लं?"

"तूच. मला शेपटंसुद्धा दिली नाहीस."

"मग?"

मी शिक्का तुझ्या तळहातावर ठेवला. खिशात होता म्हणून तू म्हणालीस, "अजून गरम आहे." दोघी हसलो. सदनाच्या रांगेत शंभरावर नावं असताना आईला खोली तू ओळखीवर दिली होतीस, तीही खिडकीची. मी नाही कशी म्हणणार होते? पण म्हणता आलं असतं. 'रजेवर गेले' एवढे शब्द लिहायचे होते.

तू पुढे लिहितेस, 'त्सुमोरिचा शिक्का कोण मारत होतं, तेही कचेरीला सांगणार का?'

सांगणार. त्सुमोरि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून लेकाकडे राहायला गेली, आणि तिचा शिक्का खणात राहिला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो मी मारत होते. मनगट ताठ ठेवून, कारण त्सुमोरिचा शिक्का नेहमी सरळ बसायचा. बघ, मी तुझ्यापेक्षा नीट काम करत होते.

सात नंबरचे कान्बे आजोबा. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, शुक्रवार. त्यांचा ताप घ्यायचं राहून गेलं. मी त्सुमोरिच्या नावाने '३६.४' लिहिलं, कारण गुरुवारी ३६.४ होता. रविवारी न्यूमोनियाने गेले. त्यांची मुलगी मला वाकून नमस्कार करून पेरची पेटी देऊन गेली. "तुम्ही सगळ्यांनी फार केलंत त्यांचं." मी पेटी घेतली. पेर गोड होते. तुलाही दोन दिले, आठवतं?

तेव्हा माझी झोप उडाली नाही. आईच्या वेळी उडाली. हे मी तुला लिहून देते आहे, पुढे कधी मला मोठेपणा घेताना पाहिलंस तर दाखवायला.

तिसऱ्या पानावर तू जाहिरातीचं लिहिलं आहेस. अकरा महिने जाहिरात चालू, अकरा महिन्यांत एक फोन आला, आणि तो पिझ्झा मागवायला. मी हसले. खोटं कशाला बोलू. इथे नर्स येत नाही हे खरं. शहरात जवळजवळ दीडपट मिळतं आणि रात्रपाळीनंतर सुट्टी मिळते. आपल्या बंदरात राहायला येणार कोण? तू लिहितेस, 'खरं सांगितलं असतं तर पूर्वेकडचा भाग बंद करावा लागला असता. वीस जण. ते कुठे गेले असते, सांग. कुणाच्या घरी? कुणाची सून नोकरी सोडून बसली असती?'

हा प्रश्न खरा आहे.

पण तो प्रश्न कचेरीच्या टेबलावर आपटायचा होता, योरिए. महिनाभर आधी पत्र पाठवून तपासणीला येणाऱ्या त्या दोन माणसांना हिरवा चहा पाजून, शिक्क्यांनी भरलेल्या वह्या दाखवून वाटेला लावायचं नव्हतं. त्यांना दर वर्षी दिसत होतं, साठ माणसांना तीन नर्सा, सगळं ठीक. मग नर्स पाठवायची गरज त्यांना का वाटावी? तू तो प्रश्न झाकलास. आईच्या पाठीखाली झाकलास.

शेवटच्या ओळीत विचारतेस, 'तुला माझ्याकडून हवं तरी काय?'

विचार करून कळवते.

हिसानो

३० ऑगस्ट

विचार केला.

सगळी पानं पुन्हा वाचली. १० जूनपर्यंत नोंदींचं अक्षर कार्यालयातल्या मुलीचं आहे. ११ जूनपासून ते बदलतं. 'किंचित लाली', 'किंचित लाली', एकवीस वेळा. हे अक्षर मी ओळखते. शाळेत दोन वर्षं मी त्या अक्षरातल्या वह्या उतरवल्या आहेत. शिक्का माझा, अक्षर तुझं.

कार्यालयात बसून लिहिणाऱ्याला 'लाली' सुचत नाही, 'ठीक' सुचतं. 'लाली' लिहिणाऱ्याने काहीतरी पाहिलेलं असतं.

११ जूनला तू काय पाहिलंस, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. पत्रातून नको. पत्रात तू छान लिहितेस.

७ सप्टेंबरला आईचा एकोणपन्नासावा, दुखवट्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी चारला अस्थी थडग्यात ठेवायच्या आहेत. तू सकाळी आठला ये. आईच्या खोलीत तिची जुनी गादी घातलेली असेल, ती पातळ, कापसाची. तू तिच्यावर उताणी झोपायचंस. हात अंगाबरोबर सरळ. टाचांखाली उशी नाही. कूस बदलायची नाही, कंबर उचलायची नाही. आईसाठी तुम्ही दहा तास ठेवले होते. तुझ्यासाठी सहा पुरेत, कारण तुला सगळं जाणवतं. दोन वाजेपर्यंत.

तेवढं केलंस आणि खरं बोललीस, तर या एकशे बारा पानांच्या प्रती मी तुझ्यासमोर जाळीन. मूळ वह्या तुझ्या कपाटात आहेत, त्यांचं तुला काय करायचं ते तू कर.

येताना माझा शिक्का आण.

हिसानो

७ सप्टेंबर, संध्याकाळ

तू छताकडे बघत होतीस, म्हणून बाकीचं तुला दिसलं नाही. ते लिहिते.

तू आठला पाच कमी असताना आलीस. काळा पोशाख, शेवंतीचा गुच्छ. मला वाटलं होतं येणार नाहीस. उंबऱ्यात बूट काढताना तू वाकलीस आणि केसांची मुळं पांढरी दिसली. इतकी वर्षं रंगवतेस, आणि मला कधी कळलं नाही.

"कुठे झोपू?"

"आत."

आईच्या फोटोला उदबत्ती लावून तू गादीवर बसलीस, मग आडवी झालीस. पोशाखाला सुरकुत्या पडतील म्हणून खालून सारखा केलास.

"तू अजून घोरतेस का?" मी विचारलं.

"घोरले तर उठव."

"उठवणार नाही. तेच तर आहे."

तू हसलीस. मीही हसले असते, पण मी घड्याळ बघत होते.

पहिल्या तासात तू बोलत होतीस. मोरिवाकिचा गुडघा, तुझ्या सुनेचा नवा कुत्रा, शाळेतली ती सुई, जी बघून तू माझ्या अंगावर कोसळली होतीस. दहाला तुझ्या टाचा हलल्या. मी काठीने त्यांना शिवले आणि तू स्थिर झालीस. माझ्याकडे वही होती. 'सकाळी १०.००. उताणी. टाचा हलवल्या.' आयुष्यात पहिल्यांदा मी जे घडलं ते, घडलं त्या वेळी लिहीत होते.

साडेदहाला तू म्हणालीस, "कंबर जळतेय."

अकराला म्हणालीस, "हिसानो, जराशी. चादरीला कुठेतरी चुणी पडलीय, ती तरी काढ."

मी खिडकीपाशी बसून म्हणाले, "थोडं थांबा हं, आजी. आलेच."

तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते तुला माहीत नाही. मी पाहिला. त्यासाठीच मी एकोणपन्नास दिवस जगले, असं मला त्या क्षणी वाटलं. वीस मिनिटांनी तू पुन्हा हाक मारलीस, मी पुन्हा तेच म्हणाले. आवाजही तसाच काढला, दारातून जाता जाता काढतात तसा. तिसऱ्यांदा तू हाक मारली नाहीस. नुसती थांबलीस.

पावणेबाराला तुझ्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पुसायला हात उचलायचा नव्हता, म्हणून तू ते तसंच राहू दिलंस. मग तू छताला सांगितलंस.

"११ जूनला मोरिवाकिने बोलावलं. म्हणाली, बाई, तुम्ही एकदा बघाच. जखम बेदाण्याएवढी होती. काळी. मला कळलं, आत खोल गेलीय."

"मग?"

"मोरिवाकि म्हणाली, आजच इस्पितळात पाठवू. मी म्हटलं, नको."

"का?"

"तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, ही कुणी तपासत होतं? नोंदी मागवणार. नोंदींवर तुझा शिक्का. तू तर दुसऱ्या इस्पितळात पडलेली. हिसानो, मला वाटलं तू जुलैत येशील. तू आलीस की बघशील. तुझ्या हाताला गुण आहे. तू भरून काढशील."

"बेदाण्याएवढी होती तेव्हा मी भरून काढली असती."

"हो."

"मी फोन करत होते. दर रविवारी. तू म्हणायचीस, आई छान जेवते."

"जेवत होती," तू म्हणालीस. "ते खोटं नव्हतं."

मी उठले. आता जे सांगते ते तुला दिसलं नाही, कारण तू डोळे मिटले होतेस. मी तुझ्याजवळ आले आणि माझे हात आपोआप गेले. डावा खांद्याखाली, उजवा कमरेखाली, अडतीस वर्षांची सवय. तुझं अंग घामाने भिजलेलं होतं. फक्त ओढायचं बाकी होतं. तू श्वास सोडलास, कारण तुला वाटलं मी आले.

मी हात काढून घेतले आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

दोन तास दहा मिनिटं राहिली होती. एवढा वेळ तू एकदाही हाक मारली नाहीस. मला वाटलं होतं मजा येईल. आली नाही. पण उठलेही नाही.

दोन वाजता मी तुला कुशीवर घेतलं. पोशाखाची चेन उघडली. माकडहाडावर तळहाताएवढा लाल डाग होता. मी त्यावर बोट दाबलं आणि उचललं. शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात, लाली गेली तर ठीक, नाही गेली तर सुरुवात झाली. गेली नाही.

"गेली का?" तू भिंतीकडे तोंड करून विचारलंस.

"नाही."

"सहा तासांत?"

"सहा तासांत."

मी वहीत लिहिलं. 'दुपारी २.००. माकडहाडावर लाली, दाबल्यावर न जाणारी. कूस डावीकडे बदलली.' सगळं खरं. शिक्का मारायला हात पुढे केला, तेव्हा तू पर्समधून रुमालाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवलीस. शिक्का थंड होता. मी मारला नाही.

मग अंगणात जाऊन पत्र्याच्या डब्यात पानं जाळली. तू भिंतीला धरून उभी होतीस, बसवत नव्हतं. चौसष्टावं पान तू स्वतः टाकलंस. जाताना फाटकाशी वळून म्हणालीस, "आता संपलं ना?" मी मान डोलावली. तू खाली वाकून नमस्कार केलास, इतका वाकून की कंबर धरून उठावं लागलं.

चारला मठाचे पुजारी आले. थडग्याचा दगड सरकवला. आईच्या अस्थींच्या भांड्याशेजारी मी शिक्का ठेवला. त्याच्यावर तिचंही नाव होतंच. दगड लावला.

योरिए, आपण जाळल्या त्या प्रतींच्या प्रती होत्या. पहिला संच २९ ऑगस्टपासून माझ्या पिशवीत आहे, इस्पितळाच्या भुलीच्या कागदाशेजारी. तुझं पत्र, ते पाच पानांचं, तेही तिथेच आहे.

तू शब्द पाळलास. मी पाळणार नाही. तुझ्या आईसाठी पाळला असता, ती बाई चांगली होती. पण ज्या शब्दाने तू आईचं बघणार होतीस, त्याच्याच तोडीचा हा माझा शब्द आहे. फिट्टंफाट.

कचेरीत द्यायच्या तक्रारीच्या अर्जावर दोषींची नावं लिहायची जागा आहे. पहिलं नाव माझं आहे. त्याच्या पुढे कान्बे आजोबा आहेत, शुक्रवार आहे, ३६.४ आहे. दुसरं नाव तुझं. पूर्वेकडच्या वीस जणांचं वेगळं पान जोडलं आहे. त्यात तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत लिहिला आहे. तो चांगला प्रश्न आहे. आता त्यांनी उत्तर द्यावं.

आज कुशीवर झोप. डाव्या. दोन तासांनी उजव्या.

हिसानो

८ सप्टेंबर, सकाळ

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून याच पानावर.

सात दहाच्या बसने प्रांताच्या कचेरीत गेले. साडेआठला दार उघडलं. वृद्धसेवेच्या खिडकीवरच्या माणसाने सगळी पानं एकेक करून पाहिली. चौसष्टाव्यावर थांबला, भुलीचा कागद शेजारी ठेवला, आणि आत जाऊन साहेबांना घेऊन आला. नर्सचा परवाना मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. सव्वादहाला दोन माणसं गाडी घेऊन सदनाकडे निघाली. या वेळी आधी पत्र गेलेलं नाही.

अर्जाखाली शिक्का मारायला सांगितलं. माझ्याकडे शिक्का नाही, मी म्हणाले. त्यांनी लाल शाईची डबी पुढे सरकवली. मी अंगठा लावला.